एक्सप्लोरर देऊन स्नोफ्लेक घ्यावं का? वर पैसे मिळतायत, तरी ठरत नाहीये

अंबड_टूलरूम

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

नाशिकच्या अंबडला माझं छोटं टूलरूम आहे. डाय, पंच, जिग-फिक्श्चर आणि सरफेस ग्राइंडिंगचं जॉबवर्क. २०२२ मध्ये मुंबईच्या अधिकृत शोरूममधून रोलेक्स एक्सप्लोरर घेतलं. ३६ मिमी, काळं डायल, त्यावर तीन-सहा-नऊ. नाव नोंदवून बरीच वाट पाहिली तेव्हा कुठे फोन आला. सहा लाखांच्या आसपास पडलं. डबा, कार्ड, बिल, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या, सगळं जागेवर आहे. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोक्याला, आजवर बफ (पॉलिशचं मऊ फिरतं चाक) लागलेला नाही.

आता पुण्याच्या एका गृहस्थांनी अदलाबदलीचं विचारलंय. त्यांच्याकडे ग्रँड सिकोचं (जपानी सिकोचीच वरची, महागडी श्रेणी) स्नोफ्लेक आहे (एसबीजीए२११), वापरलेलं पण फुल सेट, म्हणजे डबा-कार्डासकट. त्यांचा हिशोब असा: "तुमचं सात-चाळीस धरतो, माझं बिलाप्रमाणे साडेपाच, वर एक-नव्वद रोख देतो." ऐकायला झकास. सहाचे सात-चाळीस झाले, हातात दुसरं घड्याळ आलं आणि वर जवळजवळ दोन लाख. पण कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटतं, आणि नेमकं कुठे ते सापडत नाही.

घड्याळाबद्दल सांगतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. गृहस्थ सिन्नरला कामासाठी आले होते, येताना घड्याळ घेऊन आले. मी त्यांना सरळ शॉपवर घेऊन गेलो. आमच्याकडे टूलमेकर्स मायक्रोस्कोप आहे, पंचाची कड तपासायला. त्याच्याखाली दोन्ही घड्याळं ठेवली. गृहस्थ थोडे घाबरले, पण बघू दिलं.

आधी डायल. लांबून पांढरा कागद वाटतो. जवळून पाहिलं तर वाऱ्याने दाबलेला बर्फ असतो तसा उंचसखल पोत, आणि त्यात पांढरा रंग कुठेच नाही. पोत उठवून त्यावर चांदीचा मुलामा आणि वर पारदर्शक थर, त्यातून पांढरेपणा येतो. सेकंदाचा काटा निळा आहे तो रंगवलेला नाही, पोलाद तापवून निळं केलेलं आहे. टेम्परिंगचा तो निळा आम्ही रोज बघतो, पण एवढ्या बारीक काट्यावर टोकापासून शेपटीपर्यंत एकसारखा निळा आणायचा म्हणजे खायचं काम नाही.

मग केस. झाराट्सू पॉलिश म्हणतात त्याला. कारागीर केस हातात धरून फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर टेकवतो, दाब आणि कोन सगळा हाताच्या अंदाजाने. मी घड्याळ शॉपच्या ट्यूबलाइटखाली धरलं आणि पट्टा जिथे जोडतात त्या कानावर ट्यूबचं प्रतिबिंब पाहिलं. रेघ सरळ कडेपर्यंत गेली आणि तिथे कापल्यासारखी संपली. बफवर मारलेल्या जॉबमध्ये असं कधी होत नाही. बफ मऊ असतो, तो कडेवरून घरंगळतो, कड मरते आणि रेघ शेवटी वाकते. लॅपिंग (बारीक पावडरवर घासून सपाट करणं) केलेला माणूस हे बघून गप्पच बसतो. मी बसलो. आणि हे सगळं टायटॅनियमवर, जो धातू पॉलिशिंगवाल्याला रडवतो.

एक्सप्लोररमध्येही चूक सापडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. सापडली असती तर बरं झालं असतं, निर्णय सोपा झाला असता. काटे आणि आकड्यांच्या कडा पांढऱ्या सोन्याच्या, स्वच्छ, कुठे बर (कापताना कडेला राहणारी धातूची कुस) नाही. आतलं ३२३० मशीन दिवसाला दोन सेकंदांच्या आतबाहेर चालतं, सत्तर तास चावी टिकते. पण ते बघताना मला माझं चांगलं सेट केलेलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) आठवतं. दहा लाखावा पीसही पहिल्यासारखाच निघणार. इंजिनिअर म्हणून सलाम. स्नोफ्लेक बघताना मात्र वाटतं की कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

आता दुसरी बाजू. बायको म्हणते, "रोलेक्स काढून टाकलंस तर लोक विचारतील, धंदा बसला का?" हे हसण्यावारी नेता येत नाही. गंगापूर रोडच्या लॉनवर लग्नाला गेलं की पार्टी आधी मनगट बघते आणि मग हात मिळवते. तिथे ग्रँड सिको दाखवलं तर "सिको का? आमच्या मामांकडे पण होतं, दुबईवरून आणलेलं," एवढंच ऐकायला मिळणार. आणि उद्या खरंच पैशांची नड आली तर एक्सप्लोरर संध्याकाळपर्यंत विकलं जाईल. स्नोफ्लेकला गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल.

तर विचारायचं हे, की हातच्या कामाचे पैसे नेमके धरायचे कसे? की धरायचेच नाहीत? आणि हा एक-नव्वदचा सौदा बरोबर आहे का?

सराफबाजार_तिसरी_पिढी

साहेब, सौदा चुकलेला आहे. कुठे ते सांगतो.

आमच्या पेढीवर बांगडी घेताना तुम्ही सोन्याचे पैसे देता आणि घडणावळीचे देता. तीच बांगडी मोडायला आणलीत की आम्ही वजन करतो, घट काढतो आणि सोन्याचे पैसे देतो. घडणावळ गेली. कारागिराने महिनाभर डोळे फोडले असतील, तरी गेली. घड्याळात सोन्याच्या जागी नाव आणि मागणी असते. रोलेक्समध्ये नाव जास्त, स्नोफ्लेकमध्ये घडणावळ जास्त. पुण्याचे गृहस्थ काय करतायत? स्वतःच्या घड्याळाची घडणावळ बिलाप्रमाणे पूर्ण धरतायत. वापरलेलं घड्याळ बिलाच्या भावाने कोण घेतं हो?

दोन्ही घड्याळं एकाच काट्यावर ठेवा. सात-चाळीस हा तुमच्या घड्याळाचा नेटवरचा मागणीचा भाव आहे. मग त्यांचंही नेटवरच्या मागणीच्या भावाने धरा. वापरलेलं स्नोफ्लेक चारच्या आत मागतात, फुल सेट असलं तरी. फरक झाला तीन-चाळीस. आता उलट बाजूने बघा. उद्या दोन्ही घड्याळं माझ्यासारख्याकडे आणलीत तर एक्सप्लोररचे मी सव्वासहा देईन, स्नोफ्लेकचे तीन, आणि तेही गिऱ्हाईक डोक्यात असेल तर. फरक सव्वातीन. कुठूनही मोजा, तीनच्या वर आहे. ते एक-नव्वद देतायत. सव्वा ते दीड लाखाला हलकेच हात मारला आणि तुम्हाला सात-चाळीसचा आकडा ऐकवून खूश केलं. सौद्यात एका घड्याळाचा भाव फुगवून सांगितला की समजायचं, दुसऱ्याचा त्याहून जास्त फुगवलाय.

आता घ्यावं की नाही? मी घेणार नाही. पण मी व्यापारी आहे, घड्याळाकडे बघताना मला पुढचं गिऱ्हाईक दिसतं. तुम्ही मायक्रोस्कोपने बघता. आपलं जमायचं नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

माझा फिटनेस बँड १८०० चा आहे. वेळ दाखवतो, झोप मोजतो, पावलं मोजतो. सहा लाखांत झोप येते का हो?

रविवारकारंजा_घड्याळजी

वरच्या बँडवाल्या भावाला सांगा, तो बँड दोन वर्षांनी माझ्याकडे आणू नको, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

टूलरूमवाले भाऊ, तुम्ही घड्याळ वरून बघितलं, आता आतून बघा. वडिलांच्या वेळेपासून आमचं दुकान आहे. एचएमटी जनताचं मशीन, ते ०२३१, मी दिवे गेले तरी खोलून बसवतो. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बंगलोरला सुरू झालेला तो कारखाना. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे जनता मागणारे वाढले. घड्याळ तेच, मशीन तेच. काल चारशेला कुणी विचारत नव्हतं. बंद पडलं म्हणून भाव आला. आता तर जुन्या केसमध्ये भडक रंगाचं नवं डायल टाकून विकतात आणि लोक हौसेने घेतात. कामाचा आणि भावाचा संबंध किती असतो ते यावरून बघा.

तुम्ही म्हणता हातचं काम. तर एक गोष्ट ऐका. घड्याळाच्या मशीनमध्ये हातचं काम ओळखायची खूण म्हणजे आतला कोपरा. पुलाची (आतली चाकं धरून ठेवणारी धातूची पट्टी) कड तिरकी घासून चमकवलेली असते. बाहेरचा कोपरा मशीनवरही होतो. पण दोन तिरक्या कडा आत येऊन टोकदार मिळतात तो कोपरा फिरत्या कटरला जमत नाही, कटरची गोलाई तिथे राहतेच. तिथे कानस आणि हात लागतो. तुम्ही पंच-डाय करता, तुम्हाला हे मी काय शिकवणार. आता तुमच्या स्नोफ्लेकच्या मागच्या काचेतून बघा. ९आर६५ मशीन सुंदर आहे, रेघा सुंदर आहेत, पण त्या रेघा मशीनने मारलेल्या आहेत. हात लागलाय तो केसला, काट्याला, जुळणीला. म्हणजे तुम्ही ज्याला हात म्हणून बघताय तो वरच्या अंगाला आहे. आत तुमचा सीएनसीच आहे. यात कमीपणा काही नाही, फक्त पैसे कशाचे देताय ते माहीत असावं.

दुरुस्तीचं. ही दोन्ही घड्याळं मी खोलणार नाही. रोलेक्स पार्ट आम्हाला देत नाही. स्नोफ्लेकचं मशीन स्प्रिंग ड्राइव्ह जातीचं, त्यात मुख्य स्प्रिंगवरच सगळं चालतं, सेल नाही, पण वेग धरायला क्वार्ट्झ आणि आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) आहे. चाक सेकंदाला आठ फेरे घेतं आणि त्याला विजेच्या चुंबकाने ब्रेक लावतात. आयसी गेली तर कंपनीशिवाय इलाज नाही. आणि त्या केसवर ओरखडा पडला तर मेन रोडच्या बफवाल्याकडे नेऊ नका, म्हणजे तुमची ती ट्यूबलाइटची रेघ कायमची गेली.

अंबड_टूलरूम

काका, आतल्या कोपऱ्याचं वाचून उठलो आणि मायक्रोस्कोपखाली काढलेले फोटो परत बघितले. तुमचं खरं आहे, कोपरे गोल आहेत. पण खरं सांगू का, त्याने माझं मन फिरलं नाही. मी आयुष्यभर मशीन आणि हात यांच्या सीमेवर काम केलंय. वायरकटवरून (विजेच्या तारेने धातू कापणारं मशीन) आलेली डाय मशीनने नव्वद टक्के केलेली असते, शेवटचा हात घासायच्या स्टोनचा असतो, आणि ती चालणार की नाही ते त्या शेवटच्या हातावर ठरतं. स्नोफ्लेकमध्ये मला तो शेवटचा हात दिसतो. स्प्रिंग ड्राइव्हची कल्पना १९७७ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरच्या डोक्यात आली आणि विकायला पहिलं घड्याळ १९९९ मध्ये आलं. बावीस वर्षं एका ब्रेकवर! अंबडला दोन महिन्यांत प्रोटोटाइप दिला नाही तर पार्टी दुसरीकडे जाते.

सराफ शेठ, काट्याचं बरोबर पटलं. नेमकं कुठे चुकतंय ते हेच होतं. त्यांचं बिलाने, माझं बाजाराने. आता लख्ख दिसतंय.

देवळाली_कॅम्प

मी रिव्हर्सो वापरते, जेजर-लकूल्त्रचं. हे घड्याळ १९३१ चं डिझाइन, आणि त्याचा जन्म आपल्याकडच्या पोलोच्या मैदानांशी जोडलेला आहे. इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांची काच खेळताना फुटायची, म्हणून डायल उलटं करून पोलादी पाठ वर आणायची ही सोय. आमच्या कॅम्पात हे सांगितलं की सगळे खूश होतात.

माझं सेकंडहँड आहे, आणि स्वस्तात मिळालं. का, ते या धाग्यावर सांगण्यासारखं आहे. पहिल्या मालकाने त्या पोलादी पाठीवर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं कोरून घेतली होती. कंपनीच्या कारागिराकडून, हाताने. भिंगातून बघितलं तर प्रत्येक रेघ आत जाताना बारीक, मध्ये जाड आणि बाहेर पडताना पुन्हा बारीक होते, आणि तळाला छिन्नीची चमक असते. लेसरने कोरलेली अक्षरं तळाला राखाडी, खरखरीत असतात. हे तसं नाही. अख्ख्या घड्याळात सगळ्यात जास्त हातचं काम कुठे असेल तर त्या अक्षरांत. आणि नेमक्या त्याच अक्षरांमुळे घड्याळाचा भाव पडला होता, कारण दुसऱ्याच्या नावाचं घड्याळ कोण घालणार? विकणारा अगदी ओशाळून सांगत होता, "मॅडम, पॉलिश करून घालवता येईल." मी म्हटलं, खबरदार हात लावाल तर.

दादा, स्नोफ्लेक घ्यायचंच असेल तर पुण्याचंच घ्यावं असं नाही. ही घड्याळं नवी घेणाऱ्याचं नुकसान शोरूमच्या दारातच होतं. ते पुण्याच्या साहेबांचं झालेलं आहे, म्हणून ते तुमच्यावर ढकलतायत. दुसऱ्या मालकाने घेतलेल्या घड्याळाचा भाव मग फार हलत नाही. त्यांचं पटलं नाही तर एक्सप्लोरर विका, स्नोफ्लेक वेगळं शोधा. दोन सौदे वेगळे ठेवले की कोण कुठे मारतोय ते दिसतं.

मखमलाबाद_नाका

सराफ साहेबांशी थोडा वाद घालतो. "घडणावळ गेली" हे सरसकट नाही. फिलिप द्यूफूर नावाचा स्विस घड्याळजी आहे, तिथल्या व्हाले द जू नावाच्या खोऱ्यातला. त्याचं सिम्प्लिसिटी २००० मध्ये आलं. तीन काट्यांचं साधं घड्याळ, ना तारीख, ना चंद्र, पण काकांनी सांगितलेले आतले कोपरे त्यात असे आहेत की लोक फोटो बघून वेडे होतात. सगळी मिळून दोनशेच्या आसपास घड्याळं. २०२० मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक १३ लाख फ्रँकच्या वर गेलं. तिथे घडणावळीशिवाय दुसरं आहे काय?

आणि नावाचा भावही काही दगडावरची रेघ नाही. २०२१ मध्ये पाटेक या स्विस कंपनीने नॉटिलस ५७११ हे स्टीलचं घड्याळ बंद केलं आणि जगभर स्टीलच्या घड्याळांना आग लागली. २०२२ च्या सुरुवातीला भाव शिखरावर होते, त्यानंतर घसरले. तेव्हा वरच्या भावाने डीलरकडून रोलेक्स घेणारे अजून बसलेत. आमचे अंबडचे साहेब शोरूमच्या भावाने घेतलं म्हणून फायद्यात आहेत.

सराफबाजार_तिसरी_पिढी

@मखमलाबाद_नाका द्यूफूरचं मान्य. पण दोनशे घड्याळं आणि अख्ख्या जगातले शौकीन, तिथे घडणावळीचंच नाव झालंय. तुमच्या-आमच्या बजेटमध्ये तसं होत नाही. आणि सोन्याचं माझं उदाहरण मी एका बाबतीत मागे घेतो: बांगडी वितळवता येते, रोलेक्स वितळवून काय मिळणार? मागणी बसली की नाव पण बसतं.

अजून एक बघत राहा. स्वित्झर्लंड वगैरे चार देशांबरोबरचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होणार. नव्याचा भाव इथे उतरला तर जुन्यालाही खाली यावं लागेल. कंपन्या तो फायदा गिऱ्हाइकाला देतील की स्वतःकडे ठेवतील, ते त्यांनाच ठाऊक. पण "रोलेक्स म्हणजे एफडी" म्हणणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

कॉलेजरोड_सीए

दादा, तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात आधी "एक-नव्वद रोख" दिसलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड, म्हणजे तुम्हाला, त्यांना नाही. एक-नव्वद त्या रेषेच्या आत बसवलेला आकडा वाटतो. आता सराफ साहेबांच्या हिशोबाने तीनच्या वर गेलात तर "अर्धे आज, अर्धे पुढच्या आठवड्यात" हा मार्ग काढू नका. व्यवहार एकच असेल तर हप्ते पाडून सुटका नाही. आरटीजीएस करा आणि विषय संपवा.

साध्या कागदावर अदलाबदलीचा करार लिहा. दोन्ही घड्याळांचे सिरियल नंबर, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती, मूळ बिलांच्या प्रती, वरची रक्कम आणि ती कशी दिली ते. घड्याळ चोरीचं निघालं तर हाच कागद उपयोगी पडेल.

आणि मुख्य प्रश्न: एक्सप्लोररचं बिल तुमच्या नावावर आहे की टूलरूमच्या? स्वतःच्या पैशाने, स्वतः वापरायला घेतलेलं स्टीलचं घड्याळ ही वैयक्तिक वापराची वस्तू, त्यावर भांडवली नफ्याची भानगड सहसा येत नाही. हिरेजडित किंवा सोन्याचं असेल तर ते दागिन्यात जातं, मग येते. पण धंद्याच्या खात्यातून घेतलं असेल तर सगळंच वेगळं, मग मला फोन करण्याआधी तुमच्या सीएला करा. दहा लाखांवरच्या घड्याळावर २०२५ पासून जो एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर) लागतो, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

अंबड_टूलरूम

ताई, बिल माझ्याच नावावर, माझ्याच खात्यातून. तेवढी अक्कल होती.

काल पुण्याला फोन केला. सराफ शेठचा हिशोब जसाच्या तसा ऐकवला, दोन्ही बाजूंनी मोजून. सव्वातीन मागितले. गृहस्थ आधी हसले. मग म्हणाले, "अहो, रोलेक्स काय, कुणीही ओळखतं. ग्रँड सिको कळायला नजर लागते." मी म्हटलं, नजर माझी आहे साहेब, तिचे पैसे तुम्हाला कशाला देऊ? थोडा वेळ फोनवर शांतता. मग दोन-ऐंशीवर आले, बँकेतून. मी तीनवर अडून बसलोय. देवळालीच्या ताईंचं ऐकून हेही सांगितलं की जमलं नाही तर मी माझं वेगळं विकीन आणि स्नोफ्लेक दुसरीकडे बघीन. तेव्हा आवाज जरा नरम झाला. शनिवारी येतायत.

घ्यायचं हे माझं ठरलं. नडीच्या वेळी विकायचं म्हणून घड्याळ ठेवायचं, तर मग घड्याळ कशाला, एफडीच करू. आणि तीन आले तर स्नोफ्लेक मला तीन-सव्वातीनला पडलं, उद्या शेठ त्याचे तीनच देणार. म्हणजे मी हरलो काय? दहा-वीस हजार. बायकोलाही हे असंच मांडून दाखवलं. तिचा लग्नाच्या लॉनचा मुद्दा अजून उभाच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती म्हणाली, "मग वरच्या तीन लाखांत माझ्या पाटल्या." शेठ, तयारीत राहा, घडणावळीत काहीतरी करा.

काका, शनिवारी घड्याळ तपासायला तुमच्या दुकानात आणू का? तुमच्या टायमिंग मशीनवर लावून बघता येईल.

सराफबाजार_तिसरी_पिढी

पाटल्यांना घडणावळीत सूट देतो. पुण्याचे दोन-ऐंशीवर अडले तर एक्सप्लोरर माझ्याकडे आणा, पण भाव सराफाचा मिळेल, शौकिनाचा नाही.

रविवारकारंजा_घड्याळजी

आणा, चहा पाजतो. पण टायमिंग मशीनवर लावून उपयोग नाही. ते मशीन टिकटिक ऐकून चाल सांगतं, आणि स्प्रिंग ड्राइव्हमध्ये टिकटिकच नाही, काटा सरकत राहतो. मशीन मुकं बसेल आणि तुम्हाला वाटेल घड्याळ बिघडलं. त्याऐवजी गृहस्थांना आजच सांगा, मोबाइलच्या वेळेला लावून ठेवा, शनिवारी फरक बघू. कंपनी महिन्याला पंधरा सेकंद म्हणते, म्हणजे चार दिवसांत दोन सेकंदांच्या वर जाता कामा नये. डायलवर चावीचा काटा आहे, पूर्ण भरून बहात्तर तास चालतं का तेही त्यांनी बघून यावं. कार्डावरचा नंबर आणि मागच्या झाकणावरचा नंबर माझ्यासमोर जुळवा. कानांच्या कडा तुम्ही बघालच, ते मला सांगायला नको.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही सरफेस ग्राइंडिंग करता म्हणालात. म्हणजे मॅग्नेटिक चक, जॉब चुंबकाने धरून ठेवणारा, असणार. हे घड्याळ घालून त्या चकवर जॉब लावायला वाकणार असाल तर आत्ताच सांगा. घरातल्या फ्रिजच्या, स्पीकरच्या चुंबकापासून चार बोटं लांब ठेवलं तर त्याला काही होत नाही, पण तुमचा चक म्हणजे फ्रिजचा चुंबक नव्हे. शॉपमध्ये शिरताना घड्याळ ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तिथे जनता पण घालू नका, तिची हेअरस्प्रिंग (चाल धरणारी बारीक स्प्रिंग) चिकटेल. भिंतीवरचं बघा.